एका उल्केची स्मृती

दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या बाजूने प्रत्यक्ष कामगिरीवर गेलेले पहिले जेट लढाऊ विमान म्हणजे ब्रिटनचे ‘ग्लॉस्टर मिटिअर’. मिटिअर या शब्दाचा अर्थ उल्का. आकाशात क्षणभर लखलखून जाणारी ही उल्का आज ठिकठिकाणच्या संग्रहालयांत रंगरंगोटी करून उभी आहे. शाळकरी मुले तिच्या पंखांखालून धावतात, वृद्ध माजी सैनिक तिच्याकडे बराच वेळ पाहत उभे राहतात. फलकावर तिचा वेग, वजन, तोफांची संख्या आणि पहिल्या उड्डाणाची तारीख लिहिलेली असते. या विमानाचा इतिहास वाचताना आम्हांस मात्र असे वाटत गेले की, फलकावर जे लिहिलेले नसते तेच अधिक जपण्यासारखे आहे. यंत्राची स्मृती जपणे म्हणजे नेमके काय जपणे, या प्रश्नाचा विचार मिटिअरच्या निमित्ताने करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कथेचा आरंभ होतो तो फ्रँक व्हिटल या तरुणापासून. १९०७ साली कॉव्हेन्ट्री येथे जन्मलेला हा मुलगा उंची कमी म्हणून हवाई दलाने प्रथम नाकारला होता. चिकाटीने तो १९२३ साली उमेदवार कारागीर म्हणून आत शिरला आणि पुढे क्रॅनवेल येथील महाविद्यालयात अधिकारी होण्यासाठी निवडला गेला. पंखा फिरवून हवा कापीत जाणाऱ्या विमानाला उंचीची आणि वेगाची मर्यादा आहे, हे त्याच्या ध्यानी आले होते. समोरून हवा आत घ्यावी, ती दाबावी, तिच्यात इंधन जाळावे आणि तापलेला वायू मागून प्रचंड वेगाने बाहेर सोडावा. तो मागे जाईल तसे विमान पुढे जाईल. बाहेर पडणारा वायूच वाटेत एक चक्र फिरवील आणि ते चक्र पुढची हवा दाबण्याचे काम करील. कल्पना इतकी साधी होती. परंतु १९२९ साली ती हवाई मंत्रालयापुढे ठेवली असता ती अव्यवहार्य ठरविण्यात आली. व्हिटलने १९३० मध्ये आपल्या नावे पेटंट घेतले. १९३५ साली त्याचे नूतनीकरण करण्यासाठी अवघे ५ पौंड हवे होते. ते त्याच्याजवळ नव्हते, मंत्रालयानेही ते भरले नाहीत आणि पेटंट रद्द झाले.

१९३६ साली काही मित्रांच्या साहाय्याने ‘पॉवर जेट्स’ नावाची लहानशी कंपनी निघाली आणि १२ एप्रिल १९३७ रोजी रग्बी येथील कारखान्यात व्हिटलचे इंजिन प्रथम धडधडू लागले. तिकडे जर्मनीत हान्स फॉन ओहाइन हा तरुण शास्त्रज्ञ स्वतंत्रपणे याच वाटेने चालला होता. त्याच्या इंजिनावर चालणारे हाइंकेल विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजी, म्हणजे महायुद्ध पेटण्याच्या अवघे काही दिवस आधी, आकाशात गेले. ब्रिटनचे पहिले जेट, ग्लॉस्टर कंपनीचे ‘ई. २८/३९’, १५ मे १९४१ रोजी संध्याकाळी क्रॅनवेलच्या धावपट्टीवरून उडाले आणि सतरा मिनिटांनी सुखरूप उतरले. वैमानिक होता गेरी सेयर. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९४२ मध्ये, दुसऱ्याच जातीच्या विमानातून उड्डाण केले असता तो समुद्रावर नाहीसा झाला. ते छोटे विमान मात्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आजही पाहावयास मिळते.

ई. २८/३९ हे केवळ प्रयोगासाठी होते. लढाऊ विमानाचा आराखडा ग्लॉस्टरचे मुख्य रचनाकार जॉर्ज कार्टर यांनी केला. त्या काळच्या जेट इंजिनाचा जोर तुटपुंजा असल्याने एका इंजिनावर तोफा, दारूगोळा आणि इंधन यांचे ओझे उचलणे शक्य नव्हते. म्हणून कार्टर यांनी दोन इंजिने घेतली आणि ती दोन्ही पंखांत, मधल्या धडापासून बरीच दूर बसविली. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली. इंजिने बनविण्याचे काम रोव्हर या मोटार कंपनीकडे होते. ते रेंगाळत राहिले आणि अखेर १९४३ च्या आरंभी रोल्स-रॉइसने ते हाती घेतले. दरम्यान डी हॅव्हिलंड कंपनीची इंजिने बसविलेला एक नमुना आधी तयार झाला आणि ५ मार्च १९४३ रोजी मायकेल डॉन्ट यांनी तो क्रॅनवेल येथे उडविला. विमानाला आधी ‘थंडरबोल्ट’ हे नाव द्यावयाचे घाटत होते. परंतु त्या नावाचे अमेरिकन विमान आधीच असल्याने ‘मिटिअर’ हे नाव पक्के झाले.

जुलै १९४४ मध्ये हवाई दलाच्या ६१६ व्या स्क्वाड्रनला ही विमाने मिळाली. त्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरून जर्मनीचे ‘व्ही-१’ हे विनावैमानिक उडते बॉम्ब लंडनच्या रोखाने येत होते. १३ जूनपासून सुरू झालेल्या या माऱ्यात सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बॉम्बचा घरघराट ऐकू येई, मग तो एकाएकी थांबे आणि त्या शांततेत खालची माणसे श्वास रोखून धरीत. २७ जुलै रोजी मॅन्स्टनच्या तळावरून मिटिअर प्रथम कामगिरीवर निघाले. ४ ऑगस्ट रोजी डीन नावाचा तरुण वैमानिक एका उडत्या बॉम्बच्या मागे लागला. ऐन वेळी त्याच्या तोफा अडकल्या. तेव्हा त्याने आपले विमान बॉम्बला समांतर नेले, आपल्या पंखाचे टोक बॉम्बच्या पंखाखाली सरकविले आणि झटका देऊन त्याला उलथून टाकले. बॉम्ब मोकळ्या जागी कोसळला. त्याच दिवशी दुसऱ्या एका मिटिअरने आणखी एक बॉम्ब तोफांनी पाडला. सर्व मिळून या स्क्वाड्रनने चौदा बॉम्ब नष्ट केले. इतर विमानांनी आणि विमानविरोधी तोफांनी पाडलेल्या बॉम्बांच्या मानाने ही संख्या फारच लहान आहे. तरीही त्या चौदा बॉम्बांच्या वाटेत कोणाची तरी घरे होती, हे विसरता येत नाही.

१९४५ च्या आरंभी मिटिअर बेल्जियममध्ये गेले. यंत्राचे रहस्य शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्याला आरंभी शत्रूच्या मुलखावर जाऊ दिले जात नसे. जर्मनीच्या जेट विमानाशी त्याची गाठ कधीच पडली नाही आणि युद्ध संपले.

मिटिअरच्या कीर्तीचा काळ आला तो त्यानंतर. ७ नोव्हेंबर १९४५ रोजी केंट किनाऱ्यावरील हर्न बे येथे विल्सन या अधिकाऱ्याने ताशी ६०६ मैलांचा, म्हणजे सुमारे ९७५ किलोमीटरचा, जागतिक विक्रम केला. ७ सप्टेंबर १९४६ रोजी टेडी डोनाल्डसन यांनी तो ६१६ मैलांवर नेला. वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकली आणि देशोदेशींच्या मागण्या येऊ लागल्या. अर्जेंटिनाने १९४७ साली शंभर मिटिअर घेतले. पुढे इस्रायलला मिटिअर मिळाले आणि इजिप्त व सीरिया यांनाही मिळाले. विकणाऱ्याला दोन्ही बाजूंचे पैसे सारखेच. एकंदर सुमारे ३,९०० मिटिअर बांधले गेले. कोरियाच्या युद्धात ऑस्ट्रेलियाच्या ७७ व्या स्क्वाड्रनने १९५१ पासून ते वापरले. परंतु मागे वळलेल्या पंखांच्या रशियन ‘मिग-१५’ पुढे त्याचे काही चालेना आणि त्याला जमिनीवरील लक्ष्यांवर मारा करण्याच्या कामी जुंपावे लागले. जन्मानंतर आठ वर्षांतच ही उल्का जुनी झाली होती.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिण्यास घेतला, तिच्याकडे वळतो. ब्रिटिश हवाई दलाच्या सेवेत असताना सुमारे ८९० मिटिअर अपघातांत नष्ट झाले आणि सुमारे ४५० वैमानिक मरण पावले, असा हिशेब दिला जातो. हे आकडे शत्रूशी झालेल्या लढाईचे नव्हेत. यांतील बहुतेक तरुण शांततेच्या काळात, आपल्याच देशाच्या आकाशात, शिकता शिकता किंवा सराव करता करता गेले. कोरियातील युद्धामुळे १९५० नंतर हवाई दल घाईघाईने वाढविण्यात आले. विशीतली मुले भराभर जेट विमानांत बसविली गेली आणि अपघातांनी कळस गाठला तो याच वर्षांत.

कारणे अनेक होती. वर सांगितल्याप्रमाणे इंजिने धडापासून दूर होती. दोन्ही चालू असताना काही बिघडत नसे; परंतु एक बंद पडले की दुसऱ्याचा जोर विमानाला एका बाजूस खेचू लागे. मग वैमानिकाने पायाने सारी ताकद लावून सुकाणू दाबून धरावयाचे. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला तर कितीही ताकद लावून उपयोग नसे. विमान कलंडे, उलटे होई आणि जमीन जवळ असल्यास सारे संपे. या प्रसंगाची सवय व्हावी म्हणून शिकाऊ वैमानिकांकडून एक इंजिन मुद्दाम बंद करून उतरण्याचा सराव करून घेतला जाई, आणि खरोखरीच्या बिघाडापेक्षा या सरावानेच अधिक बळी घेतले, असे जाणकार सांगतात. ज्या शिक्षणाने जीव वाचावयाचा, त्याच शिक्षणाने तो जावा, याहून खेदाची गोष्ट कोणती?

दुसरे कारण असे की, १९४८ साली ‘टी. ७’ हे दोन आसनांचे शिकवणीचे विमान उडेपर्यंत शिक्षक सोबत बसण्याची सोयच नव्हती. नव्या वैमानिकाचे मिटिअरमधील पहिले उड्डाण एकट्याचेच असे. टी. ७ आले, परंतु त्याच्याही अंगी एक खोड होती. वेग कमी करण्यासाठी पंखांवरील अडथळ्याच्या पट्ट्या उघड्या असताना कोणी चाके खाली सोडली, तर शेपटीवरील हवेचा प्रवाह बिघडे आणि विमान एकाएकी गिरकी घेऊन नाक खाली करी. उंची थोडी असली तर सावरण्यास अवधी मिळत नसे. तिसरे कारण म्हणजे इंधन. ती आरंभीची इंजिने इतकी खादाड होती की, ढग दाटून आले आणि तळ सापडेना तर वैमानिकाजवळ थांबण्यास वेळ उरत नसे. आणि चौथे कारण सर्वांत साधे : बहुतेक मिटिअरमधून संकटकाळी बाहेर पडण्याची काहीच सोय नव्हती. ताशी पाचशे-सहाशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानातून हातापायांच्या बळावर बाहेर पडणे जवळजवळ अशक्य असते.

परंतु या विमानाच्या चरित्राला दुसरीही बाजू आहे, आणि ती आम्हांस फार मोलाची वाटते. जेम्स मार्टिन आणि व्हॅलेंटाइन बेकर या दोघांनी विमाने बनविण्याची एक लहान कंपनी काढली होती. १२ सप्टेंबर १९४२ रोजी त्यांचे नवे विमान चालवून पाहत असता इंजिन बंद पडले आणि बेकर मरण पावले. मित्राच्या मरणाने मार्टिन यांचे लक्ष विमानावरून वैमानिकाच्या जिवाकडे वळले. दारूच्या स्फोटाने आसनासकट माणसाला विमानाबाहेर फेकावयाचे आणि मग छत्री उघडावयाची, या कल्पनेवर ते काम करू लागले. पाठीचा कणा न मोडता माणूस किती धक्का सोसू शकतो, हे आधी जमिनीवरच्या उंच सांगाड्यावर माणसे बसवून तपासावे लागले. मग प्रश्न आला प्रत्यक्ष विमानाचा. त्यासाठी निवड झाली ती मिटिअरची. २४ जुलै १९४६ रोजी ऑक्सफर्डशायरमधील चॅलग्रोव्हच्या धावपट्टीवर, सुमारे ८,००० फूट उंचीवरून आणि ताशी ३२० मैलांच्या वेगात, बर्नार्ड लिंच या कंपनीतील कारागिराने दांडा ओढला आणि तो सुखरूप जमिनीवर आला. लिंच हा नामांकित वैमानिक नव्हता. हातांनी यंत्रे जुळविणारा तो एक कामगार होता. ३ सप्टेंबर १९५५ रोजी जॉन फायफील्ड यांनी धावपट्टीवरून अजून न उचललेल्या मिटिअरमधून, म्हणजे शून्य उंचीवरून, असेच बाहेर पडून दाखविले.

मार्टिन-बेकर कंपनीच्या आसनांनी आजवर जगभरात सात हजारांहून अधिक जीव वाचविले आहेत, आणि त्या आसनांच्या चाचणीसाठी कंपनीने एकविसाव्या शतकातही जुनी मिटिअर विमानेच उडती ठेवली. या आसनाचा संबंध आपल्याही देशाशी येतो. १२ मार्च २०२४ रोजी जैसलमेरजवळ भारतीय हवाई दलाचे ‘तेजस’ विमान कोसळले. वैमानिक सुखरूप बाहेर पडला. तो ज्या आसनावर बसला होता ते मार्टिन-बेकरचेच होते. ज्या जातीच्या विमानाने साडेचारशे घरांत शोक पोहोचविला, त्याच जातीच्या विमानाने हजारो घरांतला शोक टाळला. ऋण फिटले असे आम्ही म्हणणार नाही. गेलेल्या माणसांचा हिशेब वाचलेल्या माणसांनी पुरा होत नाही. परंतु ही दोन्ही पाने एकाच पुस्तकातील आहेत आणि ती एकत्रच वाचली पाहिजेत.

मग अशा विमानाचे जतन कसे करावे? ब्रिटनमध्ये याविषयी दोन मते चालत आली आहेत. एक मत असे की, विमान हे उडण्यासाठी असते. जमिनीवर खिळलेले विमान म्हणजे पेंढा भरलेला पक्षी. या भावनेतून हवाई दलाने स्वतःच एक मिटिअर आणि त्याचे समकालीन एक ‘व्हॅम्पायर’ अशी जुनी जोडी प्रदर्शनांतून उडती ठेवली होती. २५ मे १९८६ रोजी मिल्डनहॉल येथील प्रदर्शनात ही दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. व्हॅम्पायरमधील दोघे बाहेर फेकणाऱ्या आसनांमुळे वाचले. मिटिअर टी. ७ मध्ये तशी आसने नव्हती. त्यातील दोघेही मरण पावले. ३० मे १९८८ रोजी कॉव्हेन्ट्री येथे, म्हणजे व्हिटलच्याच जन्मगावी, दुसरे एक टी. ७ प्रेक्षकांसमोर कोसळले आणि त्याचा वैमानिक गेला. चाळीस वर्षांपूर्वीच्या खोडी त्या यंत्राच्या अंगी तशाच होत्या. स्मृती जपता जपता मृतांच्या यादीत आणखी नावे पडली.

तरीही उडत्या विमानाचे मोल आम्ही नाकारीत नाही. ऑस्ट्रेलियातील टेमोरा येथे एक मिटिअर कोरियात लढलेल्या ७७ व्या स्क्वाड्रनच्या रंगांत जतन केलेले आहे. २०१९ मध्ये ते ऑस्ट्रेलियन हवाई दलाच्या मालकीचे झाले. त्याचा आवाज ऐकून ज्यांना आपले सोबती आठवत असतील, त्यांच्या लेखी कोणतेही पुस्तक त्याची जागा घेऊ शकणार नाही.

दुसरे मत शांतपणे जपण्याचे. मिटिअरचा पहिला नमुना, ‘डीजी २०२’, कित्येक वर्षे एका तळाच्या फाटकाशी ऊनपावसात उभा होता. तो आज रॉयल एअर फोर्स म्युझियमच्या संग्रहात सुरक्षित आहे. डोनाल्डसन यांचे विक्रमी विमानही वाचले आहे. ग्लॉस्टरशायरमध्ये, जिथे ही विमाने बांधली गेली त्याच परिसरात, ‘जेट एज म्युझियम’ नावाचे संग्रहालय आहे. ते स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालते. जुने ॲल्युमिनियम गंजते, रबर तडकते, उंदीर तारा कुरतडतात. कोणीतरी आठवड्याचा एक दिवस देऊन हे सारे घासावे, पुसावे, पुन्हा जोडावे लागते. विमान एकदा जतन केले की कायमचे जपले गेले, असे होत नाही. ते दरवर्षी पुन्हा जपावे लागते.

याची जाणीव आपल्याला मुंबईतही झालेली आहे. भारतीय हवाई दलाने नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली जेट विमाने घेतली ती व्हॅम्पायर. नौदलाने पुढे ब्रिटनचेच ‘सी हॉक’ घेतले आणि डिसेंबर १९७१ मध्ये ते ‘विक्रांत’च्या डेकवरून लढले. गोव्यात १९९८ साली सुरू झालेल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात सी हॉक आणि व्हॅम्पायर दोन्ही पाहावयास मिळतात. परंतु ज्या विक्रांतवरून ते उडाले, ती नौका मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून राहूनही टिकली नाही. २०१४ साली ती तोडण्यास दिली गेली. तिच्याविषयी हळहळणारे पुष्कळ होते. खर्च उचलणारे पुढे आले नाहीत. हळहळ आणि जतन यांतील अंतर ते हेच.

मिटिअरच्या बाबतीत एक स्मारक मात्र आम्हांस सर्वांत योग्य वाटते, आणि त्यात विमानच नाही. ब्रिटनच्या युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी १९४७ च्या अखेरीस थांबतात. म्हणून त्यानंतर सरावात गेलेली मिटिअरची मुले युद्धात पडलेल्यांच्या यादीत येत नाहीत. गावोगावच्या दफनभूमीत, तळांच्या आसपास, ती विखुरलेली आहेत. स्टॅफर्डशायरमधील राष्ट्रीय स्मृतिवनात ऑक्टोबर २००७ मध्ये सशस्त्र दलांचे एक स्मारक उभारण्यात आले. महायुद्धानंतर कर्तव्यावर असताना मरण पावलेल्या सोळा हजारांहून अधिक जणांची नावे त्याच्या दगडी भिंतींवर कोरली आहेत. लढाईत गेलेला आणि सरावात गेलेला असा भेद तेथे केलेला नाही. भिंतीत एक चीर ठेवली आहे. ११ नोव्हेंबरच्या सकाळी अकरा वाजता तिच्यातून सूर्याचा एक किरण आत येऊन मधल्या पुष्पचक्रावर पडतो. त्या भिंतींवर पुढील नावांसाठी मोकळी जागाही राखलेली आहे.

संग्रहालयातील फलकावर वेग लिहावा, उंची लिहावी, पहिल्या उड्डाणाची तारीख अवश्य लिहावी. त्याखाली आणखी दोन ओळी असाव्यात असे आम्ही सुचवू : या जातीच्या विमानात किती जण गेले, आणि या जातीच्या विमानावर झालेल्या प्रयोगांमुळे पुढे किती जण वाचले. पंखाखालून धावणारी मुले त्या ओळी वाचण्यासाठी क्षणभर थांबली, तर विमान जपण्यासाठी घेतलेले श्रम वाया गेले नाहीत असे म्हणता येईल.